नान्नाचा ठिपका

मं., ११ फेब्रु.
पहाटे उठून बघते तर लच्ची, माझी धाकटी बहीण, दारात. सडा घातलेला, हातात रांगोळीचा डबा. आत्या आतनं धावतच आल्या, डबा हिसकावून घेतला. "घरात सुतक हाय आन् ही रांगोळी घालायला बसलीय! लोक तोंडात शेण घालतील की!" लच्ची कधी नव्हं ते त्यांच्या हाताला चावली. आत्यांनी दिली एक ठेवून.
आत्या म्हणजे नान्नांची, आमच्या वडलांची, थोरली बहीण. होटगीहून आल्यात, दिवसकार्य होईस्तोवर राहणार. म्हातारीचंही बरोबर असेल. भांडायला अंगात जीव कुठाय माझ्या. नान्ना गेले, त्यांचा टॉवेल अजून दोरीवर तसाच वाळत पडलाय.

गु., १३ फेब्रु.
लच्ची जेवत नाही. बोलत नाही. उंबऱ्यात बसून राहते. एकतीस वर्षांची बाई, आणि सकाळी परत अंथरूण ओलं. किती वर्षांत असं झालं नव्हतं.
शेवटी आत्यांना म्हटलं, आत्या, ती नक्षी काढत नाही हो. ती माणसं मांडती. एक ठिपका, एक नाव. नान्ना, अक्का, शिनू, दूधवाले सलीमभाई, शाळेतल्या बाई, समोरची लंगडी शेळीसुद्धा. समद्यांची नावं घेऊन झाली की भोवती एक वाकडीतिकडी रेघ, आणि हात जोडती. तिला ना आरती येती ना श्लोक. हीच तिची पूजा.
आत्या म्हणाल्या, "पूजाच म्हनतीस न्हवं? मग सुतकात पूजा चालती व्हय?"
वकीलच व्हायला पाहिजे होतं या बाईनं.

र., १६ फेब्रु.
शिनूचा, धाकट्या भावाचा, पुण्याहून फोन. दहाव्याला रजा मिळत नाही, सुतक फिटलं की शनिवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. मिरजेकडं कुठलीशी संस्था आहे, अशांना कायमचं ठेवून घेतात. "अक्का, तू एकटी. मशीनवर बसशील का हिला बघशील? नान्ना होते तोवर ठीक होतं." चुकीचं काय बोलला? काही नाही. म्हणूनच डोक्यात तिडीक गेली. ठेवला फोन.
शाळांचे युनिफॉर्म तसेच पडलेत, कॉलर लावायच्या राहिल्यात. ल.ला चमच्यानं पेज भरवली. गालात धरून बसली, मग गळ्यावरून खाली. देवा, काय मांडलंयस हे.

सो., १७ फेब्रु.
दहावा झाला. सुतक फिटलं.
आत्यांनी स्वतः जाऊन नवी रांगोळी आणली. "घाल बाई, आता कितीबी घाल." ल. बसली. चिमूट घेतली. हात वरच्या वर. रांगोळी बोटांतनं गळून गेली, ठिपका काही पडेना. परत चिमूट. परत तेच. ऊन दारात आलं तरी तेच. मग डबा पालथा घातला आणि भिंतीकडं तोंड करून पडली.
आत्या रडल्या. "मी काय वंगाळ केलं गं? रीतच हाय की आपली."
ही रीत मीही पाळलीच असती, लच्चीच्या जागी घरात दुसरं कुणी असतं तर.

बु., १९ फेब्रु.
शिवजयंतीची सुट्टी म्हणून तिच्या शाळेतल्या बाई आल्या. तिथं तिच्यासारखी मोठी मुलं रंगवतात, पणत्या करतात. बाईंनी कागद आणि रंग आणले होते. ल.नं बघितलंसुद्धा नाही. बाहेर मिरवणुकीचे ताशे, कान फुटायची पाळी, एरवी ती नाचली असती.
बाईंनी सहज विचारलं, "पहिला ठिपका कुणाचा असतो हो?"
नान्नांचा.
जन्मभर तिच्याबरोबर राहून मला हे दिसलं नाही. पहिलाच पडेना, तर पुढचे कसे पडणार.

गु., २० फेब्रु.
मीच बसले. आपल्याला काय येत नाही का रांगोळी. नान्नांना सोडून सुरू केलं: अक्का, शिनू, सलीमभाई... तिच्यासारखंच नाव घेत घेत. लाज वाटत होती, तरी घेतली नावं. ल. सरकत आली. वाटलं, आता लागेल हाताला हात. तिनं तळव्यानं सगळं पुसून टाकलं.
माझा तोल गेला. ओरडले. "मेले नान्ना! मेले! न्हाईत आता, कळतंय का तुला?" सगळ्या गल्लीनं ऐकलं. तिनं कानात बोटं घातली आणि तशीच बसून राहिली, कितीतरी वेळ. जेवणाचं ताट मांजरानं खाल्लं.
मोरीत नळ सोडून रडून घेतलं. देव आहे की नाही मला ठाऊक नाही. असलास तर तिला तरी ने, नाहीतर मला तरी. असं लिहू नये. पण लिहिलं.

श., २२ फेब्रु.
गाडी दारात. शिनूनं तिची पिशवी गाडीत नेऊन ठेवली. मी दोन गाऊन, कंगवा, तिची शाल भरलेली. आत्या कुणाशी बोलेनात.
ल.ला उठवायला गेले तर अंथरुणात नाही. दारात. तांब्यानं पाणी शिंपडून झालेलं. डबा मांडीवर. चिमूट धरलेली, आणि माझ्याकडं बघतीय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.
"अक्का, नान्नाला कुटं ठेवू?"
नेहमीच्या जागी, उंबऱ्याला लागून, असं म्हणणार होते. तिथं बोट गेलंच होतं तिचं आणि मागं आलं. तिथं नान्ना नाहीत, हे तिलाच माझ्याआधी कळलं होतं. मग ठिपका कुठं ठेवायचा? रेघेच्या आत की बाहेर? आत्यांकडं बघितलं. आत्यांनी पदर तोंडात धरला.
शिनू म्हणाला, "अक्का, उशीर होतोय. सांग की कायतरी तिला."
"तूच सांग."
तो बूट घालूनच तिच्यासमोर बसला. गाडीची किल्ली खिशात घातली.
उंबऱ्यावर बसून हे लिहितेय. चौघंही दारातच. चिमूट अजून तिच्या बोटांत आहे, तिनं सोडलेली नाही. आता ती शिनूला विचारतीय, "कुटं ठेवू?"