उंदराचं पहिलं पान

मालवण, एप्रिल १९६२

तीर्थस्वरूप भावोजी,

गुरुदासचा साष्टांग नमस्कार. (सरकारी टेबलाशी बसून लिहितो आहे, म्हणून तूर्त कागदावरच घालतो, भेटीत प्रत्यक्ष घालीन.) आक्काचा गुडघा आणि तुमचा दमा यांची घरात रोज आठवण निघते. तुमच्या पोटाची तक्रार मात्र बऱ्याच दिवसांत कानी आली नाही, तेव्हा पोट उत्तम असावं असं धरून चालतो. ते तसंच राहो.

तुमचा हा मेहुणा आता पूर्वीचा राहिला नाही, हे कळवायला आनंद होतो. गेल्या महिन्यात पलीकडच्या खाडीतल्या तिसऱ्या खाऊन दोघातिघांचे ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या आल्या, आणि सरकारने बंदरावरच्या जुन्या मिठाच्या गोदामात शिंपल्यांतलं विष तपासायचं केंद्रच उघडलं. डॉक्टर मुंबईचे, सहाय्यक मी. हे विष वासाने कळत नाही, चवीने कळत नाही, शिजवून जात नाही. टोपात चांदीचा रुपया टाकून बघणारी आपली माणसं इथे पार हरली. आम्ही काय करतो, तर तिसऱ्यांचा गर वाटून पातळ तेजाबात उकळतो, निवल्यावर गाळतो, आणि त्यातलं थोडं पाणी पांढऱ्या उंदराच्या पोटात टोचतो. मग घड्याळ धरून बसायचं. उंदीर गेला तर किती वेळात गेला त्यावरून विषाचा हिशेब होतो. खेळत राहिला तर तिसऱ्या बाजारात. मात्र उंदराचं वजन आधी घ्यावंच लागतं, कारण जाड्या उंदराला तेच विष कमी बाधतं आणि हिशेब चुकतो. वजन घेण्याचं काम माझ्याकडे आहे. (डॉक्टर म्हणाले, असा काटा धरणारा माणूस त्यांनी मुंबईतही पाहिला नाही. मी फक्त मान खाली घातली, पण सावित्रीला ते त्याच दिवशी चारदा सांगितलं.) तिसऱ्या विकणारी हौसाबाई तेवढी माझ्यावर उखडून आहे. "माज्या तिसऱ्यो उंदीर पारखतलो?" असं ती भर बाजारात विचारते. मी तिला विज्ञान समजावून सांगतो, ती पाटी उचलून चालू लागते.

आता मुख्य गोष्ट. आपण मध्यस्थी करून जमवलेली आमच्या जानकीची सोयरीक, तिची तारीख धरायला बांद्याहून दाजी, म्हणजे आपले होणारे व्याही, परवा आले. बांद्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि मालवणात त्यांचा जीव तिसऱ्यांच्या एकशिपीत, त्या एका शिंपीसकट केलेल्या सुक्यात आहे, हे तुम्हीच सांगितलं होतं. सावित्रीने हौसाबाईकडून पाटीभर तिसऱ्या घेतल्या. आता तुम्हीच सांगा, जो माणूस अख्ख्या तालुक्याच्या तिसऱ्या तपासतो, त्याने आपल्या व्याह्याला न तपासलेल्या वाढायच्या? मी त्यातल्या मूठभर उचलल्या, केंद्रात नेल्या, सगळा विधी यथासांग केला. उंदीर टुणटुणीत राहिला. मला भरून आलं. धावत घरी आलो तर दाजी पानावर बसले होते, एकशिपी नुकतीच वाढली होती, मसाल्याचा वास ओटीपर्यंत येत होता. मी उभ्या उभ्याच म्हणालो, दाजी, बिनघोर जेवा, ह्याच तिसऱ्या आधी उंदराला दिल्या आहेत.

दाजींचा हात पानावरच थांबला. "माज्या आदी उंदराक वाढलात?" त्यांनी अगदी हळू विचारलं. मी घाईने सांगितलं की वाढल्या नाहीत, पोटात टोचल्या. (हे सांगायला नको होतं असं सावित्रीचं मत आहे.) "म्हणजे पयलो मान उंदराचो, आणि उरल्यासुरल्यो माका," एवढं बोलून ते उठले, आणि मिळेल त्या एस.टी.ने बांद्याला गेले. तारीख राहिली, तिसऱ्याही राहिल्या. सावित्री म्हणाली, "आता लग्नाची पत्रिका उंदराकच धाडा." दोन दिवस जानकी माझ्यासमोर ताट ठेवते आणि आत जाते. भावोजी, माझ्या कामाचा मला अभिमान आहे, पण ती अशी आत गेली की घास उतरत नाही.

तरी चिंता नसावी. काल दाजींनी कंडक्टरबरोबर निरोप धाडला. येत्या रविवारी पुन्हा येतो म्हणाले, पण एकशिपीच हवी, आणि त्यांच्याहून कमी मानाच्या कुणाच्या तोंडाला किंवा पोटाला ती आधी लागली तर सोयरीक मोडली समजा. मी हातपाय गाळून बसलो होतो, पण सावित्रीला आठवलं की सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थाचा मान व्याह्याच्याही आधी असतो. ती रीत दाजींनाही मान्य आहे. तेव्हा तुम्ही शनिवारपर्यंत अवश्य यावं. पहिलं पान तुमचं. एवढा मान आमच्या घरात आजवर कुणाला मिळाला नाही, आणि तो तुम्हालाच मिळावा अशी आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे.

आक्काला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
गुरुदास
(सहाय्यक, शिंपले तपासणी)

ता. क. : एक कळवायचं राहिलं. "बाबा, ह्या उंदरांपायी माजा लगीन मोडता," असं म्हणत जानकीने काल पिंजरा उघडला. पोरीचा हात खंबीर आहे, एकही उरला नाही. नवे मुंबईहून येईपर्यंत पंधरवडा जाईल. आक्काला हे सांगण्याचं कारण नाही.

आणखी ता. क. : तुमचं पान झाल्यावर पंगत थोडी थांबेल. दाजींना ती रीतच वाटेल. ओठांना मुंग्या आल्या तर मला नुसती खूण करावी. आणि निघताना स्टेशनवरच्या यंत्रावर वजन करून यावं. जोडे काढून.