नंबर बदलल्याचा मेसेज

४ ऑगस्ट, सोमवार
मानधन जमा झालं. मला कळलं ते नेहमीच्याच वाटेनं. नळावर होते, गजाननभाऊजी दारातूनच म्हणाले, "वैनी, मानधन पडलं तुमचं." खातं माझं, अंगणवाडीत पोरांची नाकं मी पुसायची, आणि फोन वाजतो दिराच्या खिशात. खातं काढलं तेव्हा घरात फोन एकच होता, भाऊजींचा. गॅसला, रेशनला, बँकेला तोच नंबर. पुढं हे अपघातात गेले, मी स्वतःचा फोन घेतला, नंबर मात्र तोच राहिला. एटीएम कार्डही भाऊजींकडंच. मशीन बाईमाणसाला जमत नाही म्हणे. पोषणाचं अख्खं ॲप मी चालवते, ते जमतं.

माझ्या मयुरीचं नर्सिंगला नाव लागलं! नांदेडला. पोरगी घरभर नाचली. फी भरायची शेवटची तारीख २६. ह्यांच्या अपघाताचे पैसे आले होते ते ठेव म्हणून त्याच बँकेत आहेत. रात्री जेवताना विषय काढला. भाऊजींनी ताटावरून मान वर केली नाही. "ते पैसे पोरीच्या लग्नाचे हायेत." झालं. सासूबाईंनी त्यांना आणखी एक भाकर वाढली.

५ ऑगस्ट
ठरलं. दुसऱ्या बँकेत खातं काढायचं, सगळं तिकडं न्यायचं, जुनं बंद. शिरडमध्ये नको. इथं बँकेत शिंकलं तरी घरी कळतं. राखीला बाळापूरला माहेरी जायचंच आहे.

८ ऑगस्ट
आधार, पॅन, फोटो पिशवीत, करंज्यांच्या डब्याखाली. सासूबाईंनी डबा उघडला. करंज्या एवढ्याच का, विचारलं. डबा उचलला नाही. देव आहे.

११ ऑगस्ट, सोमवार. बाळापूर
शनिवारी राखी, पण दुसरा शनिवार, बँक बंद. आईला बरं नाही असं फोनवर सांगून मुक्काम वाढवला. आई शेजारीच शेंगा फोडत होती, तिनं फोनजवळ येऊन खोकून दाखवलं. म्हातारी नाटकात हवी होती.

खातं निघालं. धाकटा भाऊ दिलीप सोबत होता. बँकेतली मॅडम पोरसवदाच, पण शहाणी. घाई करू नका म्हणाली. आधी मानधन, गॅस, विम्याचा हप्ता, सगळ्यांना हा नवा खाते क्रमांक द्या. मग तिकडचं कार्ड बंद करा, ठेव मोडा, रक्कम इकडं घ्या. खातं बंदचा अर्ज सगळ्यात शेवटी. वारस म्हणून मयुरीचं नाव घातलं. जुन्या खात्यात भाऊजींचं आहे.

बाहेर आल्यावर चोरी करून आल्यासारखं वाटलं. चोरी कसली? पण वाटलं खरं.

१४ ऑगस्ट
औंढ्याच्या ऑफिसात मानधनासाठी नवा क्रमांक दिला. येताना जुन्या बँकेत मोबाईल नंबर बदलायचा अर्ज. ही युक्ती माझी स्वतःची, मॅडमची नाही. आधी नंबर माझा केला की पुढचे सगळे मेसेज माझ्याकडं. कार्ड बंद झाल्याचा, ठेव मोडल्याचा. भाऊजींच्या खिशात सामसूम. स्वतःवर खूश होऊन पावशेर भजी घेतली, मायलेकींनी अंगणवाडीतच संपवली.

१६ ऑगस्ट, शनिवार
खिचडी वाढत होते, फोन वाजला. नंबर बदलला. बँकेचा मला आलेला हा पहिला मेसेज. पुन्हा पुन्हा वाचला. एका लेकराच्या ताटलीत दोनदा वाढलं.

१७ ऑगस्ट
भाऊजींनी जिलेबी आणली. कशाची, तर सहज. मयुरीला बेटा म्हणाले, नांदेडला होस्टेल कसं आहे विचारलं. आमच्या खोलीच्या दाराची कडी कधीची निखळली होती, ती दुपारभर बसून बसवून दिली. नवीन, जाड. बाहेरूनही लागते.

मयुरी म्हणाली, काका सुधरले. मी माझी जिलेबी तिच्या ताटलीत ठेवली. काहून ते कळेना.

१९ ऑगस्ट, मंगळवार
बँकेत जाऊन कार्ड बंद करवलं. क्लार्कला सहज विचारलं, आता जुन्या नंबरवर काही जात नाही ना. तो म्हणाला, "आता न्हाई जात ताई. फक्त नंबर बदलल्याचा मेसेज तेवढा दोन्हीकडं जातो. कुणी परस्पर बदलू नये म्हनून."

 म्हणजे शनिवारी मी खिचडी वाढत होते तेव्हा त्यांच्याही खिशात वाजलं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जिलेबी आणली.

विचारलं असतं, आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. भांडणारा माणूस मला कळतो. हा गोड माणूस कोण आहे, मला माहीत नाही.

ठेव मोडायला मोठ्या साहेबांची सही लागते. साहेब रजेवर. सोमवारी, २५ ला या म्हणाले. मूळ पावती आणि मी, एवढंच पाहिजे. फी दुसऱ्या दिवशी. जमेल. जमायलाच पाहिजे.

२१ ऑगस्ट
उद्या पोळा. भाऊजी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होते. मायेनं चोळतात, खोटं कशाला लिहू. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बैल डोळे मिटून उभे. मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडं बघून हसले. मला घरात पळावंसं वाटलं. भीती वाटते आहे, लिहूनच टाकते.

२२ ऑगस्ट, पोळा
साखरा गावचे पाहुणे आले, भाऊजींच्या ओळखीचे. आई आणि मुलगा, स्वतःची पांढरी जीप. शेतकरी माणूस पोळ्याच्या दिवशी आपले बैल सोडून दुसऱ्याच्या दारात कशाला येईल? त्या बाईनं मयुरीकडून पाणी मागवलं, मग पोळी वाढून घेतली, मग उंची विचारली. मुलगा फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

मयुरी चुलीपाशी आली. "आई, काकाला सांग, मी न्हाई." अठरासुद्धा पुरी नाहीत लेकराला. संतापानं माझ्या पोळ्या करपल्या.

पाहुणे निघताना भाऊजी त्यांना म्हणाले, सोमवारी भेटूच. सोमवारीच का?

२४ ऑगस्ट, रविवार
मयुरीला आजच बाळापूरला पोचवायचं होतं. बॅग भरली, कागदं घेतली. उंबरा ओलांडणार तर सासूबाई दारातच आडव्या झाल्या. चक्कर. नात पाहिजे पाय चेपायला. खरी असेलही चक्कर, म्हातारं माणूस आहे. बस गेली.

दिवेलागणीला भाऊजी उंबऱ्यावर येऊन बसले.

"वैनी, उद्या दहाला साहेब येतेत बँकेत. बोललो मी."

काय बोललात, विचारलं.

"हेच की घरचं काम हाय, आमी सारेच येऊन राहिलो. जीप सांगितली. पोरीला बी घेऊ संगं."

सोमवारचं मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, पायी जाईन, बँक काय लांब आहे का.

"काहून तकलीफ घेता," म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती नवी कडी दोनदा लावून-काढून बघितली. "बराबर बसली."

जीप आत्ताच दारात येऊन उभी राहिली. पांढरी. सासूबाईंची चक्कर गेली. उठून ट्रंकेतून हिरवी साडी काढली आणि मयुरीच्या उशाशी ठेवून गेल्या. बँकेत जायला साडी.

पावती पोलक्याच्या आत शिवून टाकली. ती मागितली तर देणार नाही. पोरीला मागितलं तर... दिलीपला मेसेज टाकला, उद्या दहाच्या आधी शिरडच्या बँकेपाशी ये, चार माणसं घेऊन ये. अजून बघितलेला नाही. फोन लावला, लागत नाही.

मयुरी कागदांची बॅग पोटाशी धरून बसली आहे. आत्ता दाराशी बाहेरून काहीतरी खडखडलं. वारा असेल म्हणाली. उठून दार ढकलून बघते.