बाबूजींचा अर्ज आणि बोकडाचा मेंदू

११ ऑगस्ट १९८७
सर म्हणाले, मेंदू पाहिजे. बोकडाचा! ताजा, बर्फात. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट माझा, म्हणजे आणायचाही मीच! माणकचंद शेठची कंचन — जिच्या घरचा उंबरा कांदासुद्धा ओलांडत नाही! मेले मी. पण हसूच आवरेना.

कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा नसेचा एकच तंतू, केसाहून बारीक — कोसळत कसा नाही? आत लांबच लांब प्रथिनांच्या नळ्या असतात, त्यांच्या आधारावर. मेंदूतून ते प्रथिन काढायचं. बर्फात नळ्या मोडतात, उबेत पुन्हा जुळतात म्हणे. मला हे डोळ्यांनी बघायचंय! गरगर फिरवून गाळ वेगळा करणारं सेंट्रीफ्यूज दुसऱ्या कॉलेजकडून मागून आणलंय, ते बावीस तारखेला परत जाणार. तोवर झालं तर झालं.

१३ ऑगस्ट
कमाल झाली! बाबूजी म्हणाले, तुझं अक्षर मोत्यासारखं, नगरपालिकेला अर्ज लिहून दे — पर्युषणात कत्तलखाना बंद ठेवा म्हणून. पर्युषण एकवीसला सुरू! लिहिला मुकाट्यानं, 'नम्र विनंती'सकट. वर शाबासकी मिळाली! आता एकवीसच्या आत उरकायचं.

१४ ऑगस्ट
डबा दोनदा बाहेर काढला, दोनदा परत ठेवला. तरी जाणार.

१७ ऑगस्ट
गेले! वनाभाऊ खाटीक सरांच्या ओळखीचे. मी डोळे मिटून उभी. "बठ्ठं ताजं शे, ताई," म्हणाले नि डबा हातात दिला. डबा गरम होता. रडूच आलं. बर्फात ठेवला नि पांझरा नदीचा पूल ओलांडून धावत देवपूरला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

दुपारी — झालं!! बर्फात काचेच्या नळीतलं प्रथिनाचं पाणी नितळ. कोमट पाण्यात धरली — धुरकट! जुळल्या! परत बर्फात — नितळ. परत उबेत — धुरकट! सरांसमोर टाळ्या पिटल्या, कशाला लाजायचं! पुण्याला पीएच.डी.साठी शब्द टाकतो म्हणाले.

१८ ऑगस्ट
जेवताना बाबूजींनी विचारलं, एवढी कसली गं खुशी? खोटं सुचलंच नाही. सगळं सांगून बसले — बोकड, वनाभाऊ, पुणं. आईच्या हातातली पोळी हातातच. बाबूजी उठले, हात धुतले. "आजपासून तुझं ताट वेगळं," म्हणाले.

खूप रडले. कॉलेजही सुटणार बहुतेक.

१९ ऑगस्ट
बाबूजी भांड्याच्या दुकानातून माझं वेगळं ताट घेऊन आले. नाव घालून आणलंय — 'कु. कंचन माणकचंद, एम.एस्सी.' परीक्षा अजून एप्रिलात आहे.