सिलिंडरला काहीही झालेलं नाही

३ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ७
डेअरीला दूध घालून येताना मोपेड पुन्हा बंद पडली. गहिनीनाथच्या शेतातल्या उसातच. पाऊण किलोमीटर दोन्ही बाजूंना ऊस, आणि हिला नेमकी तीच जागा सापडते. परवा तिथेच बिबट्याने कुत्रं उचललं. फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा लावलाय, आत बोकड. बोकड माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. सतरा किका मारल्या.
घाबरलो नव्हतो. किका थंडीमुळे भराभर मारल्या.
निश्चय: इंजिन स्वतः खोलायचं.

४ डिसेंबर
बायको म्हणाली, अहो, संगमनेरला अल्लाबक्ष मिस्त्रीकडं न्या की. पंकजाला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत. दिवाळीत पिस्टनच्या रिंगा मीच बदलल्या हे अल्लाबक्षला कळलं, तर चार गिऱ्हाइकांसमोर माझी लाज काढेल. शिवाय मी आयटीआय केलंय. एक वर्ष. कोर्स दोन वर्षांचा होता, पण मुख्य भाग पहिल्याच वर्षी होतो.
तोवर दूध शेजारच्या आसारामच्या टेम्पोत. तो म्हणाला, रविवारपरेंतच हां, सोमवारपासून मी कांद्याच्या भाड्याला चाललो.

८ डिसेंबर, रविवार. दुपारी
हेड काढलं, सिलिंडर उतरवला. आता झीज तपासणी, शास्त्रशुद्ध.
एक. सिलिंडरच्या आत वरच्या कडेशी नख फिरवायचं. अडकलं तर कंगोरा पडलाय, म्हणजे झीज. नख अडकलं. माझी नखं फारच वाढली होती. कापली. पुन्हा फिरवलं. अडकलं नाही.
दोन. रिंग सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांतली फट बघायची. मोठी असेल तर झीज. वरच्या बाजूला लग्नपत्रिका घडी घालून गेली. तळाशी नुसता पोस्टकार्डाचा कागद, तोही घट्ट. तळाचं माप धरलं. पाया पक्का तर सगळं पक्कं.
तीन. पिस्टन आत ठेवून हलवला. खडखडतो. त्यालाही श्वास घ्यायला जागा हवी.
निष्कर्ष: सिलिंडरला काहीही झालेलं नाही. पंकजा दारातून म्हणाली, मंग बंद का पडती? मी पाना शोधायला लागलो.

रात्री ८
जोडली. दोन नट उरले. तिसाव्या किकेला चालू! मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आलो. धूर खूप, पण तेल नवीन आहे. पंकजाला सांगून ठेवलं: चुकून बंद पडलीच, तर घाई करायची नाही. इंजिन गार होईपर्यंत शांत बसायचं, मग किक मारायची.

९ डिसेंबर, सोमवार. पहाटे ५
पोटात कळ. कालची वांगी. उसाचा काही संबंध नाही. पंकजा कपाळाला हात लावून म्हणाली, पडा तुमी, मी जाते. नको म्हणणार होतो. तेवढ्यात तिने कॅन अडकवलेसुद्धा. तिचा फोन घरीच राहिला.

६.१०
यायला हवी होती. डेअरीत रांग असेल.

६.१५
सोमवारी रांग नसते. काठी घेऊन निघतोय.

८.००
खरं लिहितो, हे कोण वाचणार आहे.
उसाच्या तोंडाशी, बाभळीपर्यंत गेलो. पुढे पाय उचलेनात. आत धुकं, पाचोळा वाजत होता. तेवढ्यात आतून किकेचा आवाज आला. आपलीच मोपेड. दहा-बारा किका, मग सगळं शांत. बऱ्याच वेळाने पुन्हा किका. हाक मारावीशी वाटली, पण बिबट्या आवाजाच्या रोखाने येतो असं ऐकलंय. तो माझ्याकडे येईल म्हणून मी गप्प राहिलो. तिच्याकडे जाईल हा विचार नंतर आला, आणि पोटात खरोखर कळ आली. तरी हललो नाही. बाभळीला धरून उभा होतो.
उजाडल्यावर ती मोपेड ढकलत धुक्यातून बाहेर आली. कॅन रिकामे, पदर ऑईलने काळा. म्हणाली, पिंजऱ्यापाशीच बंद पडली बगा. तुमी सांगितलं हुतं म्हणून इंजिन गार व्हायची वाट बघत बसले तिथंच. लई भ्या वाटलं. दोनदा बसले, तरी चालू न्हाई झाली.
हँडल माझ्या हातात देत तिने विचारलं, तुमी कवा आलात?
म्हणालो, हा काय, आत्ताच.
पाऊण तास झाला होता.