टोलीतलं शेवटचं घर

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गोंदियात तीन दिवसांपासून झड लागली आहे, आमच्या शाळेला सुट्टी दिली आहे, आणि मी स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहिते आहे. मागच्या आठवड्यात गावच्या शाळेत तुमचा फोटो लावला. मला बोलावलं होतं. नव्या सरपंचांनी भाषणात सांगितलं, फौजीनं टोलीची वस्ती वाचवली आणि फौजीच्या मुलीनं ती रिकामी केली. मग मला शाल दिली. मी ती घेतली. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

तुम्ही फौजेत इंजिनिअर पलटणीत होतात. उभं आयुष्य पूल, रस्ते आणि माती यांच्यात गेलं, आणि निवृत्त झाल्यावर केशोरीच्या पलीकडच्या आपल्या गावी परत आलात. गावात ख्रिस्ती घरं पाचच. चर्च लांब, म्हणून रविवारची भक्ती आपल्या ओसरीत व्हायची. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तुम्ही उघड्या फरशीवर गुडघे टेकायचे आणि गावातल्या प्रत्येक आजारी माणसाचं नाव घ्यायचे, मग तो कोणत्याही देवाला मानणारा असो. सोमवारी त्यांच्यातल्याच कोणाला तरी मोटरसायकलवर मागे बसवून दवाखान्यात न्यायचे. आई म्हणायची, यांची प्रार्थना पेट्रोल पिते. तुम्ही हसायचे.

टोली वाचवलीत त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते, शिक्षिकेचं शिक्षण घेत होते आणि सुट्टीत घरी आले होते. आल्या दिवशीच पाहिलं, तुम्ही सकाळी काचेचा ग्लास घेऊन तलावाच्या पाळीकडे, त्या मातीच्या बांधाकडे निघालात. मीही मागे आले. पाळीच्या पायथ्याशी गवतातून पाणी झिरपत होतं. ते तुम्ही ग्लासात धरलं आणि उजेडासमोर नेलं. "पाळीले घाम येतेच," तुम्ही म्हणालात. "घाम निर्मळ असते. पाणी गढूळ आलं का समजायचं, पाळ आतून वाहून राहिली." खाली, हाकेच्या अंतरावर, टोलीतली वीस घरं होती. चुलींचा धूर ओल्या कौलांवर बसून राहिला होता. तुम्ही बराच वेळ तिकडे पाहत उभे होतात. तुमच्या चेहऱ्यावरची ती काळजी मला आवडली नाही.

रोज तुम्ही तो ग्लास भरून आणून खिडकीत ठेवायचे. पाऊस थांबत नव्हता. लोक हसायला लागले. तेव्हाचे सरपंच घरी येऊन सांगून गेले की ऑफिसात अर्ज दिला आहे, साहेब पाऊस उघडल्यावर येणार आहेत, आणि फौजी, तुम्ही उगाच लोकाईले भेववून राहिले. तुम्ही त्यांना चहा दिलात. ते गेल्यावर मात्र कोपऱ्यातली फावडी काढून त्यांचे दांडे ठोकून बसवलेत, एकेक करून. तो ठोकण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

रविवारी आम्ही गीत म्हणत होतो आणि तुम्ही आला नव्हता. असं कधी झालं नव्हतं. मग तुम्ही भिजलेले आत आलात आणि ग्लास टेबलावर, बायबलच्या शेजारी ठेवलात. त्यातलं पाणी चहासारखं होतं. गीत आपोआप थांबलं. "भक्ती इथंच थांबते," तुम्ही म्हणालात. "फावडे घ्या."

तलावाचं जास्तीचं पाणी सोडणारा सांडवा अरुंद होता. त्याच्या शेजारची जमीन कापून पाण्याला वाट दिली तरच पाळीवरचा जोर कमी होणार होता, आणि त्या वाटेत आपल्याच धानाच्या तीन बांध्या होत्या. आठ दिवसांपूर्वी आईनं कंबर मोडून त्यात रोवणी केली होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. तिनं पदर खोचला आणि पहिलं फावडं उचललं. मला तुम्ही टोलीत पाठवलंत. सगळ्यांना उंचावरच्या शाळेत न्यायचं. "एकही माणूस मागं राहाले नाही पायजे," एवढंच म्हणालात.

मी दारोदार ओरडत गेले. लोक आधी रागावले, मग माझ्या आवाजानं घाबरले. लेकरं, कोंबड्या, गाठोडी घेऊन बाया निघाल्या. गल्लीत पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. शेवटचं घर नाल्याला लागून, सगळ्यात खोलात. तिथे एकटी म्हातारी राहायची, तिला चालता येत नव्हतं. मी त्या घराच्या अंगणापर्यंत गेले, आणि पाळीकडून काहीतरी खचल्याचा जड, दबका आवाज आला. मी वळले आणि पळाले.

तुम्ही शाळेत आलात आणि फौजेतल्यासारखी गिनती घेतली. बोटानं मोजत व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलात, परत आलात, पुन्हा मोजलंत. मग माझ्यासमोर उभे राहिलात. म्हातारी कुठं आहे, विचारलंत. मी म्हटलं, तिचं दार बंद होतं, वाटलं लेकीकडे गेली असेल. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि पावसात उतरलात.

पाळ फुटली ती तुम्ही खाली असतानाच. निम्मं पाणी आपल्या बांध्यांतून निघून गेलं होतं म्हणून टोली वाहून गेली नाही, नऊ घरं पडली. एका घराची मयाल, छपराची जाड तुळई, पाण्यातून येऊन तुमच्या गुडघ्यावर आदळली. तरी तुम्ही आलात, छातीइतक्या पाण्यातून, म्हातारीला पाठीवर घेऊन. तिनं तुमच्या गळ्याला घट्ट मिठी मारली होती. शाळेच्या पायरीवर तिला उतरवल्यावर तुम्हाला उभं राहता आलं नाही.

तो गुडघा पुन्हा वाकला नाही. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी सगळे खाली गुडघे टेकायचे आणि तुम्ही खुर्चीवर, पाय लांब करून बसायचे. मी डोळे मिटू शकत नसे. म्हातारी पुढे दोन वर्षं जगली. मी घरी आले की ती माझ्याकडे एकटक पाहायची, पण कोणाजवळ कधी काही बोलली नाही. तुम्हीही नाही. मी वाट पाहत होते की तुम्ही रागवाल. एखादी शिवी, एखादी थप्पड. मग त्या वाट पाहण्याचीच मला भीती वाटायला लागली.

शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात, दुपारी आपण दोघंच होतो. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "मले काही सांगाचं राहिलं काय तुले?" मी तुमचं पांघरूण नीट केलं. काही नाही बाबा, तुम्ही पडून राहा, असं म्हटलं. तुम्ही मान हलवलीत आणि भिंतीकडे वळलात. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात, आणि त्या दिवसालाही आता अकरा वर्षं झाली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला लिहायला बसले तेव्हाच माहीत होतं. कदाचित म्हणूनच लिहिता येतं आहे. बाबा, दार उघडं होतं. म्हातारी खाटेवर बसली होती. तिनं मला पाहिलं आणि माझं नाव घेऊन हाक मारली. मी ती ऐकली होती.