मे महिन्याचा काठ

४ मार्च १९८९
समितीची बैठक. तलावाकाठच्या इमारतीला सवलत पास. मला नकाशा धरून उभं केलेलं, भिंतीवरच्या खिळ्यासारखं. नियम आहे काठापासून तीस मीटर मोकळे सोडायचा, इमारत बांधणाऱ्या शेठला हवे होते नऊ. सभापतींनी चष्मा वर करून विचारलं, "ही पाण्याची रेषा कधीची?" साहेबांनी नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "सप्टेंबर. म्हणजे तलाव काठोकाठ भरलेला असतानाची." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बटाटेवडे आले.
बाहेर पडताना साहेब म्हणाले, "सामंत, नकाशा सुरेख झालाय हो." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

९ मार्च
हिराबाई आली कचेरीत. तलावापलीकडच्या कोळीवाड्यातली. काटक बाई, काखेत रिकामी पाटी, थेट माझ्या टेबलाशी. सवलतीची बातमी तिथवर पोचलेली.
"तूच ना तो काठ्या ठोकनारा?"
म्हटलं, हो.
"मंग सांग, तू कवा आलतास?"
मला आठवेना. तिला चांगलं आठवत होतं. "मे म्हयना व्हता. तलावाच्या सुक्या तळान मी सुकट वाळत घातलेली. तुजे मानसानी काठी ठोकली माजे सुकटीन. मी वरडले, तू हसलास. वर माज्याच घरचा ताक पिऊन गेलास. नि आता सांगतान, तो भरल्या तलावाचा काठ?"
म्हटलं, बघतो. हे 'बघतो' आम्हाला नेमणुकीच्या पत्राबरोबरच देतात.

१० मार्च
मोजणीची वही काढली. बाईचं खरं आहे. १२ ते १६ मे १९८७. पाऊस यायच्या आत मोजायचं, तेव्हा चिखल वाळलेला असतो, साखळी सरळ पडते. सगळेच तसं करतात, मी पंधरा वर्षं तेच करत आलोय. मग पावसाळाभर कचेरीत बसून शाईने नकाशा उतरवायचा, आणि उतरवून झाला की त्या दिवसाची तारीख कोपऱ्यात घालायची. तीही सगळे अशीच घालतात. माझी २१ सप्टेंबर. मोजलं कधी, याला नकाशावर रकानाच नाही.
म्हणजे पाणी मेमधलं, तारीख सप्टेंबरची. भरल्या तलावाचा काठ खरा आठ मीटर मागे आहे. समितीने सोडायला लावले नऊ. त्यातले आठ तर पाण्याचेच. इमारत पाण्यापासून एका मीटरवर येणार.
आणि नेमका तोच पट्टा! तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथूनच खाडीकडे जातं. तिथे भरणी झाली की पाणी दुसरीकडे चढणार. म्हणजे खालच्या रस्त्यावर आणि कोळीवाड्यात.
सामंता, गाढवा.

११ मार्च
साहेबांना वही दाखवली. त्यांनी पंखा एक घर वाढवला.
"मोजलं ते बरोबर मोजलंत?"
"हो."
"तारीख टाकलीत ती खरी?"
"हो, पण—"
"मग चूक कुठाय?"
खरंच, बोट ठेवून दाखवता येईना. सगळं बरोबर आहे आणि काठ चुकलाय. साहेब हळूच म्हणाले, "मुख्य आरेखकाची जागा जूनमध्ये भरतायत. तुमचं नाव वर आहे. आता उगाच अंगाशी आणून घेऊ नका."
वही मिटून बाहेर आलो.
संध्याकाळी सुलभाला सांगितलं. म्हणाली, "अहो, मग लिहून द्या की." म्हटलं, लिहून देणं एवढं सोपं नसतं गं. ती कुकर लावायला उठली.

२ जून
मुख्य आरेखक झालो. पेढे मीच आणले, मीच वाटले. सुलभाने एक घेऊन देवापुढे ठेवला. स्वतः खाल्ला नाही.

१७ नोव्हेंबर
जागेवर गेलेलो. डंपरमागून डंपर. मुरूम, राडारोडा, कुठल्या तरी पाडलेल्या चाळीच्या फरशा. पट्टा पुरुषभर उंच केलाय. शेठचा मुकादम "चाय लो साब, चाय लो" करत मागे.
हिराबाई पलीकडून होडीतून आली, काठीने होडी रेटत. काठावर उतरली पण नाही.
"माजे घरान येल का रे पानी?"
म्हटलं, नाही येणार, भरणीखालून पाणी जायला मोरी टाकतायत.
टाकणार आहेत हे खरं. नकाशावर मीच काढली. तीन फुटी.

८ फेब्रु. १९९०
मोरी टाकली. दीड फुटी. मुकादम म्हणतो, पाइप हाच मिळाला. साहेबांना चिठ्ठी पाठवली. त्यांनी वर 'पाहिले' लिहून परत केली. पाहिले! आंधळ्यांची कचेरी मेली.

२३ जुलै
काल दिवसभर आणि रात्रभर पाऊस. आज सकाळी फोन, खालच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी. कोळीवाड्याला जायला दुसरा रस्ताच नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही जा, फोटो काढा." कॅमेरा दिला, त्यात रीळ नव्हतं.
मोरीच्या तोंडाशी कचरा, प्लास्टिक, एक मेलेली म्हैस. पलीकडे खाडीला ओहोटी, अलीकडे तलाव फुगून बसलेला, मध्ये आमची भरणी. पाणी जाणार कुठून?
इमारत मात्र कोरडी ठणठणीत. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पडदे लागलेत. भोगवटा दाखला मेमध्येच मिळाला त्यांना.

२६ जुलै
पाणी उतरल्यावर हिराबाईकडे गेलो. भिंतीवर छातीपर्यंत चिखलाचा पट्टा. तांदूळ, जाळी, सुकटीचे डबे, सगळं गेलं. तिचा नवरा पांडुरंग, अंगावरून वारं गेलेला, चार वर्षं अंथरुणाला. दोघा पुतण्यांनी त्याला उचलून माळ्यावर टाकला. दोन दिवस तिथेच. हिराबाई म्हणाली, "वरून सारका इच्यारत व्हता, कवरा झाला, कवरा झाला. मी सांगितला, उतरतंय. नि चढत व्हतं."
मला शिव्या देईल वाटलेलं. तिने पाटावर बसवलं. चहाला दूध नव्हतं, तर कोराच दिला.
मी सांगितलं. मला मार्च ८९ च्या दहा तारखेपासून माहीत आहे, हे सांगितलं.
तिने बोटांवर दिवस मोजले. मग, "म्हंजे म्या कचेरीन आल्ते त्याचे दुसरे दिशीच?"
हो.
"नि गप ऱ्हायलास."
हो.
"ऊठ पाटावरून," म्हणाली.

२७ जुलै
अर्ज दिला. दोन पानं, माझ्या सहीने. मोजणी मेची, तारीख सप्टेंबरची, काठ आठ मीटर मागे, सवलत चुकीच्या रेषेवर दिली गेली, भरणी काढावी. सोबत वहीची नक्कल. आवक क्रमांक घेतला, शिक्का मारून घेतला.
साहेब पाचला बोलावून म्हणाले, "सामंत, तुम्हाला माझ्यावर सूड घ्यायचाय का?" म्हटलं, तुमचं नावच नाही त्यात. तर म्हणे, "तेच तर. लोक विचारतील ना, का नाही!"
घरी आलो. सुलभाने वाचायला मागितला. चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. "उशीर केलात," म्हणाली. मग पोळ्या वाढल्या.

५ ऑक्टो.
सुनावणी. कोळीवाड्याची माणसं सकाळी नऊपासून जिन्यात बसलेली. आत घेतली फक्त दोन. इमारतीतली माणसंही आलेली. मला वाटलेलं शेठचे पित्ते असतील. कसले! बँकेतले, शाळेतले, आमच्यासारखेच. एक बाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "आम्ही टिटवाळ्याचं घर विकून आलो. आम्हाला काय माहीत खाली तलाव होता? आता आम्ही घर डोक्यावर घेऊन जायचं का?"
तिचंही खरंच होतं. फक्त शेठ आला नव्हता. त्याने वकील पाठवला. वकील म्हणाला, चूक कचेरीच्या आरेखकाची, त्याने ती लेखी कबूल केली आहे, आमच्या अशिलाने मंजूर नकाशाप्रमाणेच काम केलं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.
इतकं स्वच्छ खरं त्या खोलीत दुसरं कोणी बोललं नाही. घ्या.

१९ नोव्हें.
पांडुरंग गेला. त्या पुरात छातीत सर्दी भरली ती निघालीच नाही, असं पुतण्या म्हणाला. चार वर्षांचं आजारपण होतं, डॉक्टर काहीही म्हणतील. मी मात्र स्वतःला तेवढी सूट देणार नाही.
मातीला गेलेलो. लांब उभा राहिलो. हिराबाईने पाहिलं. हाकललं नाही.

१४ फेब्रु. १९९१
निर्णय आला. चार वेळा वाचला. 'नकाशातील त्रुटी खेदजनक आहे.' बरं. 'तथापि रहिवाशांचे हित लक्षात घेता मंजूर रेषा कायम करण्यात येत आहे.' म्हणजे? म्हणजे माझी चूक आता चूक नाही, तोच तलावाचा काठ. आणि त्या रेषेवर दगडी भिंत बांधायची. वर पदपथ, दिवे, बाकं. याला म्हणतात सुशोभीकरण. खालचा रस्ता 'पूरप्रवण' ठरवून त्यावर तसा फलक लावायचा.
फलक! पाण्याला वाचता येतं अशी समितीची समजूत दिसतेय.
भिंत झाली की खाडीकडची वाट कायमची बंद. मे महिन्यातल्या पाच दिवसांत चार खुंट्या ठोकल्या, त्या आता दगडात बांधणार. आयुष्यात माझं काही टिकलं तर हे. थू.
मला ताकीद, आणि मुख्य आरेखकाचा परत आरेखक. त्याचं काही वाटलं नाही. खरं तर वाटलं. पण लिहायला लाज वाटते.

३ मार्च
शिपायासकट सगळे माझ्याशी जपून बोलतात, घरात आजारी माणूस असल्यासारखं. डबा एकट्याने खाल्ला.

६ ऑगस्ट
साहेबांनी बोलावलं. पंधरा ऑगस्टला भिंतीचं भूमिपूजन, मोठे पाहुणे येणार, त्याआधी रेषेवर खुंट्या हव्यात. "तुम्हीच जा. रेषा तुमचीच आहे." हसले. म्हटलं, साहेब, तलाव भरलाय, बाहेरच्या टोकाला रेषा छातीभर पाण्यात येईल. म्हणाले, "मग बांबू लांब घ्या."
टेप धरायला माणूस मागितला. नाही म्हणाले, सगळे मतदारयाद्यांच्या कामाला लावलेत.
तपासायला कोण येणार? कोणी नाही. चिखल आहे. कंत्राटदार खुंट्या दिसतील तिथे पाया खणणार.

८ ऑगस्ट
दुपारी कोळीवाड्यात गेलो, धरायला एखादा पुतण्या मिळतो का बघायला. दोघेही खाडीवर गेलेले. हिराबाई दारात जाळं विणत होती. यंदा अजून घरात पाणी आलेलं नाही, उंबऱ्याच्या खाली चार बोटं आहे. सामान सगळं माळ्यावर टाकून ठेवलंय. पाटावर बस म्हणाली नाही, पण जा असंही म्हणाली नाही.
तिला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलंच नाही. वहीतले सगळे आकडे रस्त्याकडच्या जुन्या विहिरीपासूनचे आहेत. टेपचं शून्य विहिरीच्या कठड्याला धरलं की भिंत नकाशाप्रमाणे भरणीबाहेर येते. तेच शून्य आठ मीटर मागे, रस्त्याच्या कडेला धरलं, तर वहीत आकडे तेच राहतात, पण भिंत खऱ्या काठावर येते, इमारतीच्या जिन्यापासून एका मीटरवर. मग पुढची भरणी तलावाच्या बाजूला पडते, तलावातली म्हणून ती काढावीच लागेल. खाडीची वाट मोकळी. आणि उघडकीला आलं तर नोकरी जाईल, खटलाही होईल. या खेपेला चूक झाली म्हणायची सोय नाही.
"घरी सांगितलास?"
काल सांगितलं. सुलभा म्हणाली, तुम्ही कराल ते. आणि मग रात्री जेवलीच नाही.
हिराबाईने जाळ्याची गाठ मारून दाताने दोरा तोडला. "उद्या मी येतंय टेप धराला. माना काय कलत नाय त्यातला. शून्य कुठं धरू, तवरा सांग."
म्हटलं, सकाळी सांगतो.

९ ऑगस्ट, सकाळी सात
पाऊस थांबलाय. बांबू, चुना, टेप पिशवीत. सुलभाने डबा दोघांचा भरलाय.
रिक्षा विहिरीशी सोडेल. हिराबाई तिथे उभी असेल. तिला म्हणायचं, आठ मीटर मागे चल.