नवरीच्या मागे बसलेली

वद नुबावी, ओमदुरमान
१० डिसेंबर २००९

ती. बुसैना मावशीस,

तमादुरचा सलाम, वि. वि.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत, तुम्ही जिद्दाला बरे असाल अशी आशा. फोन करता आला असता, पण आपल्याकडे फोन वाजला की अख्खं घर कान लावून बसतं आणि आई मधेच तो हिसकावून घेते. म्हणून हे पत्र पिठाच्या चक्कीवाल्याच्या जावयाबरोबर पाठवतेय.

अफराहचं लग्न जानेवारीत पक्कं झालं, ते आईनं कळवलंच असेल. धाकटी बहीण उजवली जातेय आणि थोरली अजून कॅमेरा गळ्यात अडकवून लोकांच्या नवऱ्या मुली टिपत हिंडतेय, असे टोमणे रोज खाते. त्यातून तो कॅमेराही गेला. गेल्या धुळीच्या वादळात आत रेती शिरली आणि आता शटर दाबलं की दात खाल्ल्यासारखा आवाज करतो. बायकांच्या नाचाला पुरुष फोटोवाला चालत नाही, त्यामुळे माझ्याशिवाय अडतं सगळ्यांचं. नवरीचा नाच मीच काढायचा आणि कॅमेऱ्यातलं कार्ड त्याच संध्याकाळी नवरीच्या आईच्या हातात द्यायचं, हा माझा शिरस्ता तुला ठाऊक आहे.

तर मावशी, तिकडून एक डीएसएलआर घेऊन पाठव. मोठ्या सेन्सरचाच. कनातीखाली उजेड कमी असतो, लहान सेन्सरवर फोटो भुशासारखा रवाळ येतो.

रिहाबचं सांगते. तुझी लेक म्हणून चांगलं तेवढंच सांगावं असं वाटतं, पण तुला खोटं खपत नाही. तिचा नवरा, हाशिमभाऊ, गेल्यापासून ती सासरीच इद्दतीचे चार महिने दहा दिवस काढत बसली आहे, अंगभर गुंडाळलेली पांढरी तोब, बाजेवरून उठायचं नाही. जेवते म्हणे, पण मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. तिच्या दिरानं, अल्फादिलनं, चारचौघांत बजावून ठेवलंय की इद्दत नीट पाळली तर घर तिचं, मुलगी तिची. उंबरा ओलांडला तर तिनं एकटीनं माहेरची वाट धरायची, विजदान मात्र त्यांच्या घरातच राहील. विजदान तीन वर्षांची. आईशिवाय झोपत नाही.

कॅमेऱ्याचं विसरू नकोस. लोभ करतेसच, त्यात थोडी भर घाल.

तुझी,
तमादुर


जिद्दा
२४ डिसेंबर २००९

चि. तमादुर हीस,

मावशीचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. चक्कीवाल्याच्या जावयानं ते चार दिवस खिशात वागवलं, वर त्यावर चहा सांडला. मेल्याला आता मुरंब्याची बरणीसुद्धा देणार नाही.

दुकानात जाऊन आले. तुझा तो डीएसएलआर हातात घेऊन पाहिला. अगं, तो कॅमेरा आहे की उखळ? लेन्सा वेगळ्या, त्या बदलायच्या, बदलताना पुन्हा तुमच्याकडची धूळ आत. म्हणजे आगीतून फुफाट्यात. शिवाय रस्त्यानं एवढं धूड गळ्यात घालून निघालीस की जो तो आडवा येऊन फोटोचा परवाना विचारणार. शेजारीच दुसरा होता, मुठीत मावणारा सुपरझूम. एकच लेन्स, काढायची नाही, घालायची नाही. दुकानदारानं दारातून रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखला, तर तिच्यावरचा गंजसुद्धा दिसला. मी तोच घेतला. रुसू नकोस.

खरं कारण सांगू? अफराहला मी या हातांनी न्हाऊ घातलंय, पण तिच्या लग्नाला मी येऊ शकत नाही. तुझ्या काकांचा राहण्याचा परवाना नव्यानं व्हायचाय, तो होईपर्यंत आम्ही इथून हललो तर परतीचा दरवाजा बंद. तू मागं पाठवलेले फोटो मी भिंग लावून पाहिले. नवरी लख्ख, आणि तिच्या मागं सगळा धुरळा! मला सांग, धुरळा बघायला बसलेय का मी इथं? मला मागं भिंतीशी बसलेल्या सगळ्या हव्यात. ताई हवी, त्या चहाड्या करणाऱ्या शेजारणी हव्यात, कुणाचे केस पिकले, कोण जाड झाली, सगळं हवं. दुकानदार म्हणाला, या लहान कॅमेऱ्यात पुढचं-मागचं सारखंच स्पष्ट येतं. ते ऐकलं आणि मी दुसरं काही विचारलंच नाही.

रिहाबच्या बांगड्यांचं वाचून दोन दिवस घास उतरला नाही. तिला भेटलीस की सांग, दिवस काढायचे असतात, निघून जातात. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नको म्हणावं, अफराहच्या लग्नालासुद्धा नाही. दोघी एका ताटात जेवून वाढल्या, जीव तुटेल तिचा. तुटू दे. पोर हातची जाता कामा नये.

आपल्या मावशीला शिव्या देतानाही आठवण ठेव.

बुसैना


वद नुबावी, ओमदुरमान
१६ जानेवारी २०१०

ती. मावशीस,

सलाम, वि. वि. कॅमेरा मिळाला. आधी मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. नंतर बोलले, कारण दुसरा इलाज नव्हता.

काल दुपारी अफराहचा नाच झाला. मावशी, तू हवी होतीस! लाल पोशाख, सोन्याची झालर कपाळावर, आणि शिकवणीत कधीच न जमलेली मान काल अशी फिरली की म्हाताऱ्यांनी तोंडात बोटं घातली. दलूका ढोल वाजवणारीनं तर ताल असा धरला की आमची आजारी शेजारीण बाजेवरून उतरून टाळ्या पिटायला लागली. नवरा बिचारा समोर उभा, नजर तिच्यावर, की कधी अंग टाकते आणि कधी सावरतो. तिनं तरीही त्याला फसवलं. धाडकन चटईवर! नवऱ्याला झेलता आलं नाही की फुटबॉलसारखा आपला गोल, म्हणून आपल्या बाजूच्या बायकांनी जो गिल्ला केला, तो तुला तिकडे ऐकू आला असेल. नवऱ्याकडच्या म्हणे की अफराह आधीच पडली, ताल संपायच्या आत, हा गोल धरायचा नाही. त्यावर दोन्हीकडच्या अशा भांडल्या की लग्न मोडतंय की काय असं वाटलं.

आता जे लिहिते ते वाचून पत्र चुलीत घाल. रिहाब आली होती. सगळ्यांत मागं, कनातीच्या दांडीला टेकून बसली होती. कशी आली ते विचारायला सवडच मिळाली नाही, भांडण मिटायच्या आत ती नाहीशी झाली. तुझ्या झूमनं मी तिला एकदा जवळ ओढलं. हसत होती ती, मावशी. तोंडभर. हाशिमभाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. तुझ्यासाठी बोट शटरवर गेलं होतं, पण मी दाबलं नाही. एवढी अक्कल मला आहे. कॅमेरा खाली घेतला आणि नंतर फक्त अफराह काढली.

कार्ड संध्याकाळी आईच्या हातात दिलं. उद्या रीतीप्रमाणे नवऱ्याच्या घरी बायका जमून टीव्हीवर फोटो पाहतील, मग एक संच तुला पाठवते. पुढं बसलेल्या तुझ्या शेजारणी सगळ्या आल्यात, एकेकीच्या सुरकुतीसकट.

लोभात कमी नको.

तमादुर


वद नुबावी, ओमदुरमान
१९ जानेवारी २०१०

मावशी,

सलाम. हे पत्र कसं सुरू करू ते कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. रिहाब परवा रात्री आमच्या घरी आली. एकटी. विजदान तिकडेच आहे.

परवा संध्याकाळी टीव्हीवर फोटो लावले. करकदेचं सरबत फिरत होतं, गप्पा चालल्या होत्या. अफराह मान मागं टाकते तो फोटो आला, सगळ्या वाहवा म्हणाल्या, आणि तेवढ्यात इखलास उठून पडद्यापाशी गेली. इखलास म्हणजे हाशिमभाऊंची बहीण, अफराहच्या सासरी दिलेली. तिनं अफराहच्या खांद्याच्या मागं बोट ठेवलं आणि विचारलं, ही कोण? कुणालाच काही सांगावं लागलं नाही. दात मोजून घ्यावेत इतकी स्पष्ट रिहाब तिथं हसत होती.

मी तिचा फोटो काढला नव्हता गं! मी अफराहचा काढला. पण इतकी वर्षं माझ्या हातात मोठ्या सेन्सरचा कॅमेरा होता. त्यात नवरीवर रोखलं की मागच्या सगळ्या धुरळ्यात जायच्या, म्हणून मागं कोण आहे ते मी कधी बघितलंच नाही. बायकांनाही ते पाठ झालंय. पुढं बसणाऱ्या तेवढ्या पदर ओढतात. मागच्या निर्धास्त असतात, की तमादुरच्या फोटोत मागचं काही येत नाही. रिहाबही त्याच भरवशावर बसली असणार. कॅमेरा बदलला ते मी कुणाला सांगितलं नाही. तू लिहूनही सवयीनं माझं मागं लक्ष गेलं नाही, आणि त्याच्या एवढ्याशा पडद्यावर ते दिसलंही नाही.

अल्फादिलनं रात्र जाऊ दिली नाही. सासू, हाज्जा सित्तना, बाजेवर बसून होती म्हणे, एक शब्द बोलली नाही. विजदान आईच्या तोबेला धरून आली तर तिची बोटं सोडवून आत नेली.

शुक्रवारी जाणती माणसं बसणार आहेत. मी ठरवलंय, तिथं जाऊन कुराणावर हात ठेवून सांगणार की तो फोटो जुना आहे, दुसऱ्या लग्नातला, कार्डात राहून गेला. कॅमेऱ्यातलं त्यांना काय कळतंय! पाप लागलं तर लागू दे. माझ्यामुळे झालं, मीच निस्तरेन.

रिहाब बोलत नाही. विजदानची चप्पल एवढी तिच्या पिशवीत चुकून आली, ती घेऊन बसली आहे.

मला माफ कर असं लिहायचं धाडस नाही.

तमादुर


जिद्दा
२१ जानेवारी २०१०

चि. तमादुर हीस,

आशीर्वाद. तुझं पत्र विमानतळावर उभ्या उभ्या वाचलं आणि तिथंच भिंतीशी बसले. हे पत्र ते घेऊन आलेल्याच माणसाबरोबर उलट पाठवतेय, शुक्रवारी सकाळी तुला मिळेल.

पहिलं म्हणजे खोटी शपथ घ्यायची नाही. कॅमेरा मी निवडला. तू मोठा मागितलास, मी लहान पाठवला, कारण मला मागच्यांचे चेहरे बघायचे होते. आले बघ चेहरे! करायला गेले एक आणि झालं भलतंच. तुझ्या ईमानाचा बळी देऊन मला माझी नात परत नको.

दुसरं, रिहाबचा मला राग आलाय, तो तिला सांग. इतकं बजावलं होतं. काय अडलं होतं मेलीचं? आणि हेही सांग, की ती हसत होती हे वाचून तिची आई रडली, आणि ते रडणं रागाचं नव्हतं.

मी येतेय असं लिहिणार होते. तुझे काका म्हणाले, जा, परवान्याचं बघू. पण परत येता आलं नाही तर हे घर मग कोण चालवणार? पोरी, मी इथं नुसती फेऱ्या घालतेय. तू तिच्याजवळ राहा. तिला एकटीला त्या बैठकीत बसू देऊ नको.

तुझ्यावरचा लोभ होता तेवढाच आहे, हे लक्षात असू दे.

बुसैना


अबू रूफ, ओमदुरमान
२६ जानेवारी २०१०

ती. आईस,

रिहाबचा सलाम, वि. वि.

पत्ता बघून तुझ्या लक्षात आलं असेल, मी सासरी आहे. विजदान माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय.

शुक्रवारी इथं सासरच्या दारात खाटा टाकून मंडळी बसली. तमादुर शपथ घ्यायला उठलीच होती, तुझं पत्र वाचूनसुद्धा. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि सांगितलं की फोटोतली मीच. आले, बसले आणि हसले. अल्फादिल लगेच म्हणाला, ऐकलंत सगळ्यांनी, आता विषय संपला. एका म्हाताऱ्यानं विचारलं की मुली, तुला कुणी फूस लावली होती का. मी नाही म्हणाले.

आई, ते खोटं होतं, तेवढं एक. मला सासूबाईंनी पाठवलं होतं. लग्नाच्या दुपारी पुरुष मशिदीत गेल्यावर त्या स्वतः आल्या, आपली रंगीत तोब माझ्या अंगावर टाकली आणि मागचं दार उघडलं. म्हणाल्या, तू इथं बसून भिंत बघतेस ते मला बघवत नाही, तास-दोन तास जा, तुझी बहीण नाचताना बघ, आणि मला काही सांगू नको. त्यांचं नाव मी घेणार नव्हते. मुलगा गेला त्यांचा. स्वतःच्याच लोकांत त्यांची मान मी खाली घालायला लावू? माझी पोर जात होती तरी जिभेवर नाव येईना. मनातून मात्र त्यांना लाख शिव्या घालत होते, की बोला ना हो आता.

त्या बायकांत बसल्या होत्या. अल्फादिल उठून चालायला लागला तेव्हा त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, फूस मी लावली. दार मी उघडलं आणि तोबही माझीच. हाकलायचं असेल तर तुझ्या आईला आधी हाकल, आणि मग बघू विजदानला रात्री कोण झोपवतं ते. अल्फादिल म्हणाला, आई, तुला काही कळतं का तू काय बोलतेस! त्या म्हणाल्या, एक पोर मातीत घातलं तेव्हापासून मला दुसरं काही कळत नाही. मग त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. चहा न घेताच लोक उठले.

सगळं सुरळीत झालं असं समजू नको. अल्फादिल माझ्याशी बोलत नाही, इखलास येणं बंद झाली, आळीतल्या बायका सासूबाईंना सलाम न करता पुढं जातात. त्यांना ते लागतं, मला दिसतं. तमादुर तुझा कॅमेरा बदलून घेणार म्हणते. मोठा घे, लहान घे, पण तो कसला आहे ते बसणाऱ्यांना आधी सांगत जा, असं मी तिला म्हटलं.

त्यानंतर सासूबाई दोन दिवस माझ्याशीही बोलल्या नाहीत. वाटलं, माझ्यामुळे गेलेली अब्रू त्यांना आता सलतेय. काल दुपारी मी बाजेवर पडले होते, तर येऊन पायथ्याशी बसल्या. विचारलं की तू तिथं हसलीस म्हणे. मी म्हटलं, हो, हसले, माफ करा. त्या म्हणाल्या, माफी नको, हाशिम गेल्यापासून या घरात कुणी हसलेलं नाही. काय झालं होतं ते सगळं सांग मला. मग मी सांगितलं. अफराह कशी पडली, नवऱ्याचे दोन्ही हात कसे हवेतच राहिले, गोल धरायचा की नाही यावर विहिणी कशा भांडल्या. नवऱ्याचं तोंड कसं झालं ते करून दाखवलं. सासूबाईंनी पदर तोंडात धरला, खांदे हलायला लागले, आणि मग पदर सुटला आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की विजदान पळत आली. हसता हसताच त्या रडायला लागल्या. आम्ही दोघी एकाच बाजेवर बसून खूप रडलो.

बाबांच्या परवान्याचं कळव. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझीच,
रिहाब